मुळाची माती

मंगळवार, संध्याकाळ

तेलगावजवळच्या एका तुरीच्या रानातून आज गांजाची झाडं उपटून आणली. साहेबांनी ती मुळाच्या मातीसकट काट्यावर टाकली आणि वजन थेट व्यापारी प्रमाणाच्या वर्गात गेलं. त्या वर्गात जामीन जवळपास नाहीच. पकडलेला म्हातारा मला म्हणाला, "हवालदार, मुळं बी कुणी वढतंय का?"

कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोरा. साहेबांना हे माहीत नसेल? मी त्यांना तसं बोललो आणि फुलोरा खुडून पुन्हा तोलला. वर्ग खाली उतरला. साहेब मातीकडं बघून निघून गेले. आता माझी बदली, बहुतेक.

गांजा म्हाताऱ्यानंच लावला, ते खरं. पण मातीची शिक्षा कशापायी भोगावी त्यानं?

ती माती ठाण्याच्या व्हरांड्यात तशीच पडलीय. सकाळी मलाच झाडावी लागणार.