डाव्या डोळ्याची मालीश

वहिनी,

बाळाला घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे निघाले आहे. कामावरून आलीस की घरात न थांबता तिकडेच ये.

बाळाचा डावा डोळा आता चिपडांनी चिकटत नाही, पण त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली ती बोटाची मालीश मी केलेली नाही. हात धुऊन मी पाळण्याशी जाते, तेव्हा डोळा आधीच स्वच्छ असतो आणि नाकालगत बोटाचा लालसर ठसा दिसतो. मला वाटायचं, तू करून जातेस. दादा म्हणाला, “अगं वेंधळे, तूच करतेस आणि तूच विसरतेस!”

आज मी पाळण्याजवळच बसले होते. डोळ्याच्या कोपऱ्याशी बाळाची कातडी आपोआप दबली आणि तो खळगा नाकाच्या कडेने हळूहळू खाली सरकला, डॉक्टरीणबाईंनी आपल्याला शिकवलं होतं अगदी तसाच. बाळ कोणाकडे तरी बघून हसलं.

घराबाहेर पडलं की हे थांबेल, असं वाटलं होतं. आता कुलूप लावून जिन्यात बसले आहे. चिठ्ठी दाराखालून आत सरकवते. बाळ माझ्या मांडीवर आहे, आणि त्याच्या उजव्या, चांगल्या डोळ्याशी तसाच खळगा पडतो आहे. या वेळी ते हसत नाही.