गाडीत काका होते

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. बेगम बाजारात तुमच्या शेजारच्या दुकानातले काका, तुमचे जिवलग, ज्यांनी तुमच्यामागे माझं कन्यादान केलं, त्यांनी काल कोर्टात शपथेवर सांगितलं की मी स्कूटरवरून आपली आपणच पडले.

पडले नव्हते, अण्णा. मलकपेठेत भाजी घेऊन घरी निघाले होते. काकांच्या धाकट्या मुलाने कानाला फोन लावून गाडी उलट्या बाजूने आणली आणि सरळ माझ्या अंगावर घातली. शेजारी काका स्वतः बसलेले. त्यांनीच मला उचलून दवाखान्यात नेलं, हे नाकारत नाही. वाटभर माझं डोकं मांडीवर घेऊन ते रडत होते. पोलीस जबाब घ्यायला यायच्या जरा आधी कॉटजवळ वाकून म्हणाले, "पोरी, पोराचं नाव नक्को घेऊस. त्याचा व्हिसा व्हायचाय. घरातल्या घरात बघू आपण. मी आहे ना." आणि मला नेमकं काय आठवावं, तर तुमचं दुकान. मी सातवीत असेन. काकांनी तुमचं जुनं गिऱ्हाईक फोडलं म्हणून मी सगळ्यांसमोर बोलले, तर तुम्ही मला झापलंत की आपल्या माणसाची तक्रार परक्यापुढे करायची नसते. जेवताना माझ्याशी बोललाही नाहीत. तो धाक अजून अंगात मुरलेला. मी पोलिसाला सांगितलं, रस्त्यावर वाळू होती, स्कूटर घसरली.

पुढे गुडघ्यात सळई घातली. मी शिकवायचे त्या जामबागच्या शाळेतले जिने चढवेनात, तेव्हा शाळेने गोड बोलून मला घरी बसवलं. काकांचं येणं कमी होत गेलं, मग ते फोनही उचलेनासे झाले. घरातल्या घरात कुणी काही बघितलं नाही. शेवटी वकील गाठून नुकसानभरपाईचा दावा लावला. वकिलांनी माझा जबाब वाचला आणि कपाळाला हात लावला. मी म्हटलं, काळजी करू नका, गाडीत काका होते, शपथेवर ते खोटं बोलणार नाहीत. वकील नको नको म्हणत असताना हट्टाने मीच काकांना माझ्या बाजूचे साक्षीदार म्हणून बोलावलं. काल कोर्टात काकांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझाच जबाब त्यांनी शब्दाला शब्द म्हणून दाखवला, वाळूसकट. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठून एवढंच विचारलं, "काका, मी आपली आपण पडले?"

चष्मा पुसत ते म्हणाले, "तूच तर तसं बोलली होतीस ना, पोरी."

दावा बहुतेक जाणार. वकील तसं तोंडावर बोलले नाहीत, पण समजायचं ते मी समजले. काकांचा राग आहेच, पायात कळ आली की तो उफाळतो. हे पत्र तर पाठवायचं नाहीच, पण तुमच्या फोटोसमोर वाचून दाखवायचीही हिंमत होत नाही. खरं सांगू का, अण्णा, काल काकांच्या जागी तुम्ही साक्षीला उभे असतात, तर माझ्या बाजूने बोलला असतात याची मला खात्री वाटत नाही.