जादूवाल्या मुलीच्या दाराचं कुलूप

१ जून, सकाळ
आजपासून मुलांसाठी जादूची कादंबरी. बारा वर्षांची मुलगी, अंगात जादू, घर सोडून जंगलात जाते, मोठी होऊन परतते. मी फुटपाथवर किल्ल्या घासत सुरुवात केली, आज स्वतःचा कुलपांचा कारखाना आहे. कादंबरी ती काय! महिन्यात हातावेगळी.
आमच्या चिमणीला परगावच्या कॉलेजात जायचंय. म्हटलं, पुस्तक पुरं होऊ दे, मग खुशाल जा. मी अडवणारा बाप नव्हे.

४ जून
पहिलं प्रकरण फक्कड. मुलगी दाराशी आली. दाराला कुलूप. मंत्र म्हणून उघडू दे की, असं चिमणीचं मत. छे! मंत्राने उघडणारं कुलूप छापलं तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेल का? धंद्याची अब्रू आहे.

११ जून, दुपार
कुलपाचं वर्णन नऊ पानं. पितळी, सात लिव्हर. मुलगी अजून आतच. तिचं मांजर करून पाहिलं. दाराखालच्या फटीतून निसटायला लागली, म्हणून फट बुजवली. काम म्हणजे चोख पाहिजे.

२० जून
आमच्या हिने विचारलं, ती पोरगी बाहेर कधी पडणार? म्हटलं, बाहेर वाघ, राक्षस, नाही नाही ते. आत आईबाप आहेत, गरम जेवण आहे. मग ती मोठी कशी होणार, म्हणे. घरच्या टीकाकाराच्या नादी लागू नये.

३ जुलै
माझे कान तिखट. नुसत्या खटक्यावरून कुलूप कुणाच्या कारखान्याचं ते सांगतो. आज भिंतीपलीकडे चिमणी मुसमुसत होती. पाचवं प्रकरण काळजाला भिडलं तर! ही समजूत काढत होती, की बाबांचं लिहून व्हायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील. म्हणजे कादंबरी मोठी होणार, हे हिलाही पटलंय.

१४ जुलै
चिमणी हात जोडून म्हणाली, बाबा, सोडा हो तिला आता, कॉलेजातली जागा जाईल. नायिकेला कॉलेज कुठून आलं? पण कळकळ पाहून विरघळलो. भिंतीला खिडकी दिली.

१५ जुलै
खिडकीला गज बसवले.

२५ जुलै, सकाळी सात
दारात बॅगा. ही म्हणाली, तुम्ही लिहा निवांत, मी चिमणीला पोचवून येते. चिमणी गळ्यात पडली. म्हटलं, खोलीला आपलं एक भारीतलं कुलूप तरी ने. बॅग जड होईल म्हणाली. एवढंसं कुलूप!

२७ जुलै
ही परतली. खोली हवेशीर आहे म्हणे. दाराला कुलूप? आहे की. कुणाचं? आपल्या समोरच्या कारखान्याचं.
पोटच्या पोरीने! लगेच फोन लावला, चांगलं फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तुमचं नेलं असतं तर दुसरी किल्ली तुम्ही ठेवून घेतली असतीत.
फोन ठेवून बराच वेळ विचार केला.
असतीच.