भिंगरीच्या वर्गातले चौघे

१२ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! भिंगरीला घरी बसवणार नाही.

मुख्याध्यापिका बाई गोड आवाजात म्हणाल्या, "शेजारच्या शाळेत गोवर आलाय. भिंगरीच्या वर्गात चौघांना लस दिलेली नाही. पालकांवर सक्ती करता येत नाही हो. तुम्हीच मुलीला थोडे दिवस घरी ठेवा ना."

म्हणजे लस टाळली त्यांनी, आणि घरी बसायचं माझ्या लेकीनं? सात वर्षांची पोर. दोन वर्षं रक्ताच्या कर्करोगाशी झुंजली. गेल्या महिन्यात कुठं दप्तर पाठीला लागलंय.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारलं. औषधांनी वाईट पेशींबरोबर पहाऱ्यावरच्या पेशीही मारल्या. लहानपणच्या लशीनं शरीराला गोवराची ओळख करून दिली होती, ती पुसली गेली. लस पुन्हा द्यायची, पण तिच्यात दुबळा केलेला का होईना, जिवंत विषाणू असतो. तो सोसण्याइतकं तिचं अंग अजून सावरलेलं नाही. "सहा महिने थांबा."

"आणि तोवर?"

"तोवर आजार तिच्यापर्यंत पोचू द्यायचा नाही. आजूबाजूच्यांनी."

ठीक. चारच घरं आहेत. मी जाते.

१५ फेब्रुवारी

भिंगरीचा बाबा म्हणतो – लोकांच्या दारात जाऊन अपमान करून घेशील. स्वतः बस चालवतो, दिवसभर शिव्या खातो, आणि मला अपमानाचं सांगतोय!

१७ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानातून लवकर निघाले. दोन घरं झाली.

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलंच नाही. "अहो, लशीचं कार्ड हरवलं, मग लाजेनं दवाखान्यात गेलेच नाही." म्हटलं, चला, मी येते. लगेच निघाल्या, गळ्यात टेप तसाच!

बेकरीवाला सहा फुटी गडी. सुईला पोर नव्हे, तोच घाबरतो. त्याच्या बायकोनं पोराला नेलं. गडी बाहेर घाम पुसत उभा.

१९ फेब्रुवारी

तिसरं घर. गाणं शिकवणाऱ्या बाई. दाराची साखळी काढली नाही. फटीतूनच – "तुमच्या मुलीचं वाईट वाटतं. पण माझा मुलगा म्हणजे तिचं औषध नाही."

"नाही. पण तिचा आजारही होऊ नये तो."

दार बंद. जिना उतरले. रडले नाही पण!

२० फेब्रुवारी

साखळीवाल्या बाईंनी मुलाला लस दिली!! शाळेतून कळलं. माझ्याशी नका बोलू, चालेल.

२१ फेब्रुवारी

चौथं घर – औषधांच्या दुकानाचा मालक. आपल्या दुकानात सगळं विकतो, लेकीला मात्र लस नाही. चहा दिला, खुर्ची दिली, मग प्रवचन दिलं. "एकदा आजार होऊन गेला ना, की शरीर आपसूक कणखर होतं."

"ज्याचं शरीर उरेल त्याचं."

त्यानं माझा रिकामा कप उचलला. त्याची लेक शेजारी लोळत होती. नाक गळत होतं, डोळे लाल. माझं लक्ष आधी डोळ्यांवरच जातं, धंदाच तो. "मामाकडून सर्दी घेऊन आलीय," म्हणाला. "आठवडाभर शाळेतही नाही."

विचार करतो म्हणाला. मी घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले.

२४ फेब्रुवारी

औषधवाल्याचा फोन. आवाज ओळखूच येईना. "तिच्या अंगावर पुरळ उठलंय. गोवरच आहे. तुम्ही त्या दिवशी आमच्या घरी होतात, म्हणून... सांगायला हवं होतं."

किती दिवस शब्द धार लावून ठेवले होते. एकही निघाला नाही. विचारलं, "पाणी पितेय का?"

रडला तो.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भिंगरी त्या मुलीजवळ गेली नाही ना? मग सुटलो. पण तुम्ही गेलात. तुमची लस?"

मी हसले. झालीच असणार की! तरी आईला फोन लावला.

आईनं आधी टीव्ही बंद केला. मग – "लस द्यायच्या दिवशी तू तापानं फणफणली होतीस. नंतर कुणाच्या ध्यानातच आलं नाही गं."

तपासणीला रक्त देऊन आले.

२६ फेब्रुवारी

माझ्या रक्तात गोवराला अडवणारं काहीच नाही. आता लस घेऊनही उशीर झालाय. आजार माझ्या अंगात शिरला असेल, तर दोन-तीन दिवसांत मीच तो वाटत फिरेन.

एकवीस दिवस बहिणीच्या रिकाम्या खोलीत. एकटी. ह्याला बजावलंय – भिंगरीची शाळा एक दिवसही बुडता कामा नये.

ती पापा घ्यायला धावत आली. हात आडवा धरून तिला दारातच थांबवलं, आणि बॅग उचलली.