दुसऱ्या मॉडेलची डावी बाजू

४ फेब्रुवारी, मंगळवार

तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही भिकार!

पहिलीचा मालक म्हणे, "एका हाताची आहे साहेब. फक्त आमचे वडील चालवायचे, तेही सावकाश." ड्रायव्हरची सीट एका अंगाला खचलेली, क्लचच्या पेडलचं रबर तळहातासारखं गुळगुळीत, आणि मीटरवर बत्तीस हजार किलोमीटर! मीटर मागे फिरवलाय, हे दार उघडल्या-उघडल्या सांगितलं. माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसरी पुरात बुडून निघालेली. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ. लोक सगळं धुतात, पट्टा शेवटपर्यंत ओढून कोणी धूत नाही. तिसरीत इतकं अत्तर शिंपडलेलं की बसलोच नाही. एवढा घमघमाट कशाला लागतो, ते काय मला कळत नाही?

एकवीस वर्षं हाच धंदा. जुनी गाडी घ्यायच्या आधी लोक मला बोलावतात आणि मी तिची लबाडी शोधून देतो. कामाच्या वहीत सभ्य भाषेत लिहावं लागतं. इथे नाही.

पण ही गाडी गिऱ्हाइकासाठी नाही, लेकीसाठी आहे. परगावी नोकरी लागलीय, ऑफिस गावाबाहेर, बस जात नाही. तीन मार्चला रुजू व्हायचंय. चार माणसं बसतील, डिकीत सामान मावेल अशी साधी घरगुती सेडान हवी. आणि बाजारात सगळे चोर!

५ फेब्रुवारी, बुधवार

लेक म्हणाली, "बाबा, ह्या गाडीची चार मॉडेलं आली ना आजवर? त्यातलं कुठलं घेऊ, ते एकदा नीट सांगा."

सांगायचंय काय डोंबल! पहिलं मॉडेल चौकोनी, काचा हातानं फिरवायच्या, पण दार लावलं की 'धप्' असा भरीव आवाज. पत्रा होता पत्रा! आता जी मिळतात ती खालून गंजून चाळणी झालेली. दुसरं म्हणजे आमच्या दारात बारा वर्षं उभं आहे ते. मागे तीन माणसं नीट बसतात, डिकीत अख्खं बिऱ्हाड मावतं, आणि नाटकं नाहीत. तिसऱ्याच्या वेळी कंपनीत कोणाला तरी तरुण दिसायची हौस आली. छप्पर मागे इतकं उतरवलं की मागे बसणाऱ्यानं डोकं घरी ठेवून यावं. मी खास बायकोच्या थोरल्या बहिणीला बसवून बघितलं. बाई उतरल्या त्या अंबाडा सावरत.

चौथं म्हणजे गाडी नव्हे, चाकांवरचा टीव्ही. पंखा कमी करायचा तर पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावा. पट्टा नाही लावला, टुणटुण. रेघ ओलांडली, टुणटुण. जेवताना म्हटलं, "घरात एक टुणटुण आहे तेवढी पुरे." बायको हसली नाही. विनोद चांगला होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

आणखी दोन पाहिल्या. कचरा.

संध्याकाळी लेक हळूच म्हणते, "मला आपली जुनीच द्या ना. तिची सवय आहे."

"सवय? तुला चालवायला येते कुठे!"

खोटं नाही बोललो. सव्वीस वर्षांची घोडी झाली, पण मी शेजारी बसलो की स्टिअरिंगला हात लावत नाही. एकदा बळेच बसवली, तर समोर सायकलवाला दिसल्यावर अर्धा फर्लांग आधीच ब्रेक! आणि तो बंपर! अठराव्या वर्षी फाटकाला घासून आणला होता. ती गोष्ट मी चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, नकलेसकट. "फाटक मधे आलं हो बाबा!" लोक पोट धरून हसायचे. लेकही हसायची.

जुनी गाडी द्यायची नाही. नव्या जागी, अनोळखी रस्त्यांवर बारा वर्षांचं धूड? चार मित्रांत माझंच नाक कापलं जाईल.

९ फेब्रुवारी, रविवार

मेव्हणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे त्याचं. गॅरेज कसलं, पत्र्याची शेड, चार डबे रंग आणि एक रेडिओ. मला बघितलं की ह्याला वाचा फुटत नाही. "बरं दाजी, हो दाजी, निघतो दाजी." मागे एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर ह्याचं काम मी दहा फुटांवरून ओळखलं होतं. रंगावर लाटा! रिपोर्टात लिहिलं. ते गिऱ्हाईक तुटलं त्याचं. मग? नातं बघून रंग सरळ होतो का?

वरच्या फळीवरचा डबा काढायला बायकोनं पुन्हा मलाच हाक मारली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही तिचा. सात वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरली तेव्हापासून. धड चालताही येत नाही माणसाला!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं एकदाचं. जुन्या बाजारात एकही धड नाही. चौथं मॉडेल कोरंच घ्यायचं, टीव्ही तर टीव्ही. आमची जुनी शोरूमवाले बदल्यात घेतील. त्यांचा माणूस शनिवारी तपासायला येतोय.

मला तपासणार! बघू या कोण शहाणा येतो.

लेकीला सांगितलं. तिनं आईकडे बघितलं. आईनं खिडकीकडे. नवी गाडी दारात येतेय आणि दोघींची तोंडं अशी, की कोणी आजारी आहे घरात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शहाणा नव्हे, शहाणी आली. पंचविशीची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. माझ्याकडे असलंच आहे, फक्त दुप्पट चांगलं. मी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं होऊ दे करमणूक.

तिनं गाडीला एक फेरी मारली. मग डाव्या बाजूला खाली बसली. बराच वेळ उठेना.

"काका, डाव्या बाजूला काम झालंय. मोठं."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. "बाई, मी एकवीस वर्षं हेच करतोय. ही गाडी मी शोरूममधून आणलीय. तुमचं यंत्र बिघडलंय."

ती वाद घालत बसली नाही. "तुमचं लावून बघा," म्हणाली.

बघितलं. उजवं दार एकशे दहा मायक्रॉन, कारखान्याचा रंग. डावं पुढचं दार, तीनशे. दोन दारांमधला खांब, तीनशे चाळीस. बोनेट उघडलं. डाव्या बाजूच्या पत्र्यावर कारखान्यातल्या वेल्डिंगच्या ठिपक्यांची रांगच नाही! पत्रा बदललाय. दार दुसऱ्या गाडीचं आहे. माझ्या गाडीला जबर अपघात झालेला आणि तो मला माहीत नाही!

स्वतःच्या गाडीला मी यंत्र कधी लावलंच नव्हतं. कशाला लावीन?

पोरगी निघून गेली. मी घरात गेलो. दोघी दारातच उभ्या होत्या, सगळं ऐकलेलं. मी विचारलं, "हे कोणी रंगवलं?"

बायको म्हणाली, "आणखी काही विचारायचं नाही?"

"कुठल्या गॅरेजात केलं?" मी ओरडलो.

ती डाव्या हातानं दाराची चौकट धरायला गेली, हात पोचला नाही, खाली घेतला. तो हात मी बघितला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी यंत्र घेऊन तीनदा गाडीपाशी गेलो. आकडे तेच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मेव्हण्याच्या शेडवर गेलो. सात वर्षांत पहिल्यांदा. तो एका दरवाजाला पाण्याचा पॉलिश पेपर मारत होता. मला बघून रेडिओ बंद केला.

"डावी बाजू तुझी?"

"माझीच, दाजी." लपवलं नाही, सगळं सांगितलं.

सात वर्षांपूर्वी मी वीस दिवस बाहेर होतो, पुरातल्या गाड्या तपासायला. बायको लेकीला म्हणाली होती, "ते नाहीत तोवर हात साफ करून घे." म्हणजे मी नाही तोवर! रोज सकाळी दोघी निघायच्या. पाचव्या दिवशी एक सायकलवाला अचानक आडवा आला. त्याला वाचवायला पोरीनं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी विजेच्या खांबावर गेली. डावी बाजू. डावीकडे बायको. खांद्याचं हाड मोडलं.

बाथरूम-बिथरूम काही नव्हतं.

मेव्हणा हात पुसत म्हणाला, "पहिला फोन मला केला पोरीनं, दवाखान्यातून. ताई आत एक्स-रेला. आणि पोरगी विचारते, मामा, बाबा यायच्या आत गाडी नीट होईल का? ताईच्या हाताचं मी विचारलं तेव्हा सांगितलं तिनं."

पोरगी माझ्याच वळणावर गेली होती.

"चौदा दिवस दुसरं काम घेतलं नाही. रंग तीनदा खरवडून काढला आणि पुन्हा मारला. तुमच्या नजरेखालून जायचा होता ना दाजी."

गेला! सात वर्षं गेला. रोज धुतली ती गाडी मी ह्या हातांनी. मला आठवलं, परत आलो तेव्हा गाडी चकचकीत होती आणि बायको म्हणाली होती, भावानं पॉलिश करून दिली. मी काय म्हणालो होतो? "त्याला तेवढंच येतं." आणि गळ्यात हात बांधलेल्या बायकोला म्हणालो होतो की पाय कुठे ठेवतेस ते बघत जा.

निघताना मेव्हण्याला सांगितलं, काम चांगलं झालंय. तो म्हणाला, "दारांमधल्या खांबाजवळ जरा लाट राहिलीय." राहिलीय. मी बघितली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एकवीस वर्षं लोकांना विचारतोय, लपवलंत का? हा आपला मोठा तपासनीस! गाढव लेकाचा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोला विचारलं, दुखतं का अजून. तिनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी टोमणा तर मारत नाही ना.

"थंडीत दुखतो," म्हणाली.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं. मग आयुष्यभर पाहुण्यांसमोर खांबाची नक्कल केली असतीत तुम्ही. फाटकाची केलीत तशी. मला चाललं असतं हो, मी निबर झालेय. ती पोरगी त्या वर्षी रोज रडत होती."

रोज. आणि मी त्याच घरात जेवत होतो. मला फार वाईट वाटलं. इथे लिहितो, तोंडानं अजून धड सांगता आलेलं नाही.

डबे वरच्या फळीवरून खाली आणून ठेवले. सगळे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शोरूमला नाही म्हणून कळवलं. तिकडचा विक्रेता विचारतो, "जुन्या गाडीवर एवढा जीव का साहेब?" म्हटलं, तुझ्या टीव्हीपेक्षा बरी आहे.

गाडीचं सगळं तपासलं. इंजिन, ब्रेक, टायर, तळ. बदललेला पत्रा ठोकून बघितला. भक्कम आहे. गिऱ्हाइकाची असती तर रिपोर्टात लिहिलं असतं, 'घेऊ नये'. नियम तो नियम. लेकीला म्हटलं, "घेऊन जा तुझी गाडी."

तिनं विचारलं, "चिडला नाहीत?"

"चिडलोय. तुझ्यावर नाही."

२ मार्च, रविवार

लेक गेली. गावाबाहेरच्या पंपापर्यंत तिनं चालवली आणि मी डावीकडे बसलो. तिसऱ्या गिअरवर फार वेळ राहते. वळताना आरसा बघते पण उशिरा. एक सायकलवाला आला, तिनं लांबूनच ब्रेक दाबला, आणि माझं तोंड उघडलं होतं, शप्पथ! मिटलं. पंपावर उतरलो तेव्हा जबडा दुखत होता.

सात वाक्यं गिळली. मोजली. असल्या माणसाला लोक तपासायला बोलावतात!

ती म्हणाली, "बाबा, काही बोलला नाहीत."

"बोलण्यासारखं काही नव्हतं," म्हटलं. ती हसली, तिला माहीत होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सव्वादहाला लेकीचा फोन. हुंदके देत होती. "बाबा, मी गाडी ठोकली. आत्ताच. आईला अजून सांगितलं नाही, तुम्हालाच पहिला फोन."

"तुला लागलं का?"

नाही. आणखी कोणाला? कोणालाच नाही. म्हटलं, सावलीत बस, घोटभर पाणी पी, मी निघालोच.

बसमध्ये लिहितोय. बायकोनं खांदा सांभाळत खिडकी धरलीय. मेव्हणा शेजारी, मांडीवर हत्यारांची पिशवी. स्टँड सुटल्यावर त्यानं विचारलं, "दाजी, गाडीची कुठली बाजू गेलीय?"

ते विचारायचं राहूनच गेलं.