कॅल ड्रेसरची काळी प्लेट

१३ ऑक्टोबर
नोंद:
१. कॅल ड्रेसर निवृत्त झाला. आयुष्यभर बेसबॉल संघांत राखीव कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा. बातमी तीन ओळींची.
२. म्हणजे त्याची नवी कार्डे निघणार नाहीत. माझा संग्रह आता पूर्ण होऊ शकतो.
३. राहिली एकच वस्तू. खेळाडूचे चित्र असलेले बेसबॉल कार्ड चार शाईंत छापतात आणि छपाईनंतर कंपनी पत्र्याच्या चारही प्लेटा विक्रीच्या कार्डांच्या पाकिटांत टाकते. जगात प्रत्येकी एक. कॅलच्या पहिल्या कार्डाची निळी, गुलाबी, पिवळी माझ्याकडे आहे. काळी नाही.
४. काळी टोलिडोच्या रोझ बालोग या बाईंकडे आहे. कार्डांच्या दुकानदाराने नंबर दिला.
५. मी चाहती नाही. हातात घेतलेला संच पुरा करायचा, एवढेच. नाताळपर्यंत विषय बंद.

१५ ऑक्टोबर
फोन केला. बोलणे मुद्द्याचे ठेवायचे ठरवले होते. बाईंनी ठेवू दिले नाही. खालच्या लीगमध्ये असताना कॅल दोन उन्हाळे त्यांच्या तळघरात राहिला. पोरांना पगार जेमतेम, म्हणून गावातली घरे त्यांना ठेवून घेतात. तो त्यांना "आई नंबर दोन" म्हणतो. प्लेट त्यानेच दिली.
मी अदलाबदल सुचवली: त्याचे पहिले कार्ड, निर्दोष प्रत.
"ते आहे की माझ्याकडे. फ्रिजवर, चुंबकाखाली."
चुंबकाखाली!
मग म्हणाल्या, "रविवारी जेवायला ये. कोबीची भरली पाने करते. मग बघू तुझं ते पत्र्याचं." मी त्यांना मिसेस बालोग म्हटले तर हसल्या. "मिसेस काय गं? रोझ म्हण."
बाई मुरलेल्या सौदेबाज आहेत. जेवण हा दबाव आहे. जाणार नाही.

२१ ऑक्टोबर
योजना. माझे कार्ड तपासणी कंपनीकडे पाठवायचे. ते प्लास्टिकमध्ये बंद करून गुण देतात, दहापैकी. दहा आले की बाईंना फ्रिजवरच्या आणि माझ्या कार्डातला फरक कळेल.
दहा येणारच. पाठवण्याआधी मी जिथे मोजमापाचे काम करते त्या लॅबमधल्या कॅलिपरने, त्याच्या दोन जबड्यांत धरून, रुंदी स्वतः मोजली. तीन वेळा. अचूक.

२ नोव्हेंबर
बाईंचा फोन. मी प्लेटचा फोटो मागितला. "फोटोत काय कळतं पोरी? येऊन बघ." सध्या काम फार आहे, असे सांगितले. काम नेहमीएवढेच आहे. दमायला मात्र होते.

१६ नोव्हेंबर
कार्ड परत आले. सहा.
शेरा: दोन्ही कडांवर दाबल्याच्या खुणा, बरोबर समोरासमोर.
कंपनीने हाताळताना बेपर्वाई केली असणार. तक्रार लिहायला घेतली. शेजारच्या टेबलावरच्या व्हिन्सने कार्ड भिंगाखाली धरले आणि दोन्ही कडा तपासल्या.
"मॅडम, हे तू मोजलंस का?"
हो, म्हटले.
"नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय सांगतेस तू? मऊ वस्तूला जबडा लावायचा नाही. आणि स्वतः पुठ्ठा चावून ठेवलास!" जेवणाच्या सुट्टीपर्यंत हसत होता.
तक्रार फाडली. व्हिन्सचे मत मी मागितले नव्हते.

२३ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग, घरोघरी एकत्र जेवायचा सण. टर्कीचे सँडविच, उभ्याने. बाईंना फोनवर कार्डाबद्दल खरे ते सांगितले, व्यवहारात लपवाछपवी नको म्हणून. त्या म्हणाल्या, "अगं, वस्तूला खुणा पडायच्याच. दहा तारखेला ये. नाताळचं झाड सजवायला कॅल येतो दरवर्षी. गप्प पोरगा आहे, तुझं आणि त्याचं जमेल."
नाही म्हटले. संग्राहकाने वस्तूमागच्या माणसाला भेटू नये; निर्णय बिघडतात.
शिवाय त्याला माझी आठवण असण्याचे कारण नाही. टोलिडोत कॉलेजला होते तेव्हा उन्हाळ्यात खोलीवर कोणी नसायचे, म्हणून त्याच्या संघाच्या मॅचला जाऊन बसायचे. एकदा तो कॅचरचा जाळीचा मुखवटा वर करून म्हणाला, "आज पण एकटीच?" बस. याचा संग्रहाशी संबंध नाही.

१० डिसेंबर
दिवसभर घरी. कार्डे क्रमाने लावली. ती क्रमानेच होती.
संध्याकाळी बाईंनी फोटो पाठवला. झाड. एप्रन घातलेला कॅल, बराच टकला झालेला. मधल्या फांदीवर काहीतरी चमकते आहे, लाल रिबिनीला. मोठे करून पाहिले.
काळी प्लेट. रिबीन भोकातून ओवली आहे. भोक प्लेटवरच्या त्याच्या चित्रात, डोक्याच्या बरोबर वर.
लगेच फोन केला. आवाज चढला असावा. बाई शांत. "कॅलनंच पाडलं, पहिल्याच नाताळला. खिळा आणि हातोडी. तुझ्या कार्डाला खुणा, माझ्या पत्र्याला भोक. झाली की फिट्टंफाट!"
मग त्या म्हणाल्या, "तुझं ताट मांडलं होतं गं. नाहीच आलीस, मग कॅलनं त्या खुर्चीवर कोट ठेवला."

११ डिसेंबर
जगातली एकमेव प्लेट सदोष आहे. म्हणजे माझा संच निर्दोष कधीच होणार नाही. अपेक्षेपेक्षा बरी झोप लागली.
पत्राचा पाचवा खर्डा. आधीच्यांत कारणे फार होती. हाच पाठवते.

प्रिय रोझ,
भोकाची पाहणी प्रत्यक्ष करणे आवश्यक आहे. रविवारी, सतरा तारखेला, मी जेवायला आले तर चालेल का? कॅलिपर आणणार नाही. प्लेट झाडावरच राहू द्या. कॅल असला तरी माझी हरकत नाही.
कृपया गुरुवारपर्यंत कळवा.
मॅरेन व्हिटकॉम