विहीणबाई, तिकीट रद्द करा

मुक्काम अटलांटिक समुद्र
(पोस्ट कोणतं ते जहाजावर कुणालाच सांगता येईना)

आयुष्मती पंचशीलाताई यांना सरजाबाईचा सप्रेम जयभीम.

तुमची तब्येत उत्तम असेल, व्याह्यांचा खोकला बसला असेल आणि लातूरला नळाला आठवड्यातून एकदा तरी पाणी येत असेल अशी आशा करते. इथं माझ्या चारी बाजूंनी पाणीच पाणी आहे, पण एक तांब्याभरही कामाचं नाही. तुम्ही माझा फोन उचलून नाही राहिल्या, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते. फोटो तुम्ही उघडणारच. न उघडता तुम्हाला झोप लागायची नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

लिहायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा विनोद आणि माझी धम्मप्रिया डोहाळजेवणापुरते अमेरिकेहून आले, तेव्हा तुम्ही भरल्या बायकांत म्हणालात, की सरजाबाईला खाली बसलं तर उठाया येत न्हाई, अन् ह्या काय बाळंतपण करणार, मूल माझ्या लेकाच्या घरात होणार हाय, तवा मीच जाते. ताई, मी तेव्हा गप्प बसले ते पाहुण्यांकडं बघून (आणि तोंडात पुरणपोळी होती म्हणून). पण पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. हे काही मी काढलेलं नाही, तुमच्या लेकीचं तुम्ही केलंत, तेव्हा तिच्या सासूला तुम्ही उंबऱ्याच्या आत तरी येऊ दिलं होतं का? आता माहेर देगलूरला आणि पोटुशी लेक न्यूयॉर्कच्या पलीकडं, म्हणून कायदा बदलत नाही. जिथं आई पोचली तिथं माहेर. आणि आई निघालेली आहे.

आता विमान सोडून जहाजानं का, असं तुम्ही लातूरभर विचारत असाल. हैदराबादहून माझ्या सुगतकडं लंडनला आले ती विमानानंच. मधेच ते विमान विहिरीत पोहरा सोडावा तसं खाली गेलं. मी शेजारच्या गोऱ्या माणसाचा हात धरला तो लंडन येईपर्यंत सोडला नाही (बिचाऱ्यानं जेवण डाव्या हातानं केलं). उतरल्यावर सुगतला सांगितलं, की मी परत विमानात पाय ठेवणार नाही. तो म्हणाला, आई, तिकडं रस्ता नाही. म्हटलं, पाणी तर आहे? पाणी आहे म्हणाला. मग चल, म्हटलं, पाण्याची चौकशी कर. पोरगं माझंच, दोन दिवस तोंड पाडून फिरलं आणि तिसऱ्या दिवशी तिकीट घेऊन आलं. फक्त बाळंतिणीच्या धुरीची शेगडी तेवढी माझ्या बॅगेतून काढून ठेवली. डिंक, खारीक, शेपा, ओवा आणि करडीचं तेल मात्र माझ्यासोबत आहे.

जहाज म्हणजे देगलूरचा आठवडी बाजार मजल्यावर मजले रचून पाण्यात सोडलाय बगा. वाचनालय आहे, दवाखाना आहे, नाचायची खोली आहे. पहिल्याच सकाळी वर उन्हात चांगली खुर्ची दिसली, तिच्यावर दस्ती टाकली आणि चहाला गेले (एसटीच्या खिडकीतून दस्ती आत पडली की सीट आपलं, हे नांदेडपासून लातूरपर्यंत कुणीही मानतं). येऊन बघते तर एक गोऱ्या आजी माझ्या खुर्चीत, आणि माझी दस्ती घडी करून त्यांच्या मांडीवर. कुणाची तरी हरवली म्हणून सांभाळत होत्या. माझं इंग्रजी चौथीपर्यंतच्या पोरांना शिकवण्यापुरतं, तरी मी त्यांना दस्तीचा सगळा नियम उभ्या उभ्या समजावला. दुसऱ्या दिवशी आजीबाई माझ्याआधी हजर. एका खुर्चीत स्वतः आणि शेजारच्या खुर्चीवर माझ्यासाठी त्यांचा रुमाल टाकलेला. आता आमचं रोजचं बसणं आहे. मी शेंगाची चटणी दिली तर त्यांनी ती केकला लावून खाल्ली.

संध्याकाळी जेवायला नटून जावं लागतं. मी नारायणपेठी नेसून गेले तर दोन म्हातारे नाचायला विचारायला आले. दोघांनाही हात जोडून जयभीम घातला, त्यांनीही वाकून हात जोडले आणि गेले. माणसं वाईट नाहीत. घड्याळाचा मात्र मला राग येतो. इथं रोज रोज ते तासभर मागं करायला लावतात. मी लेकीकडं लवकर पोचायला निघालेली बाई, आणि हे दिवस लांबवून राहिले. मी तक्रार केली, तर चौकशीच्या खिडकीतल्या मुलीनं हसून जगाचा नकाशा दिला.

पण मी वेळ फुकट घालवत नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवते. खोली आवरायला येणारे फिलिपिन्सचे एक गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे. ते रोज टॉवेलची घडी घालून पलंगावर कधी ससा, कधी माकड करून ठेवतात. परवा हत्ती केला. सोंड सोडली तर बरोबर नव्या बाळाएवढा. मी म्हटलं, सरजाबाई, हे काही उगीच आलेलं नाही. दार लावलं, साडी वर खोचली, न्हाणीघरात खाली बसून पाय लांब केले, हत्तीला पालथा पायावर घेतला. आधी करडीचं तेल पाठीला, मग मान हातावर धरून गरम पाणी, मग उताणा करून छातीला तेल, शेवटी कान (हत्तीचे कान, म्हणजे वेळ लागला). एवढी सुरेख अंघोळ झाली की लेकरानं हूं की चूं केलं नाही. माझा हात जसाच्या तसा आहे, ताई. धम्मप्रियाला आणि सुगतला ज्या हातानं न्हाऊ घातलं तोच हात आहे.

तेव्हा आता मनावर घेऊ नका, पण तुम्ही पुढच्या महिन्याचं काढलेलं विमानाचं तिकीट रद्द करा. बारशाला या, मानानं या, साडी मी घेते. बाळंतपण मात्र माझ्या लेकीचं आहे आणि ते मीच करणार. यात बदल होणार नाही.

थोरांना जयभीम, धाकट्यांना आशीर्वाद. विनोदला यातलं काही बोलू नका.

तुमची विहीण,
सरजाबाई

ता. क. अंघोळीबद्दल वर लिहिलं ते सगळं खरं आहे. फक्त अंघोळ झाल्यावर मला उठता आलं नाही. गुडघे धरले ते धरलेच. बराच वेळ मी आणि हत्ती दोघं ओले बसून होतो. शेवटी हाका मारल्या. खोलीवाले गृहस्थ आले, मागून दवाखान्यातली नर्सबाई आली. गृहस्थांनी आधी माझ्या पायावरून हत्ती अलगद उचलला, कोरड्या टॉवेलात गुंडाळला आणि नर्सबाईकडं दिला. मग मला उचललं. नर्सबाई त्याला घेऊन उभीच राहिली, खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. मला हसू आलं आणि मग रडू आलं. टॉवेलच्या जागी लेकरू असतं आणि घरात कुणी नसतं तर, हे एकच डोक्यात फिरू लागलं.

ता. क. दुसरा. तिकीट रद्द केलं असेल तर दुसरं काढा, आणि पुढच्या महिन्याचं नको, येत्या आठवड्याचं काढा. धम्मप्रियाला मी सांगितलंय की तुम्हीच हट्ट धरला म्हणून मी तुम्हाला येऊ देते आहे, तेव्हा आल्यावर तसंच सांगा. बाळाला पायावर तुम्ही घ्या. पाणी मी घालते, पाणी उभ्यानं घालता येतं.